नागावच्या वाडीची वही

नागाव, शुक्रवार, दि. ४ जानेवारी १९५७
सकाळी सव्वासात. पायताण उलटे करून आपटत होतो, आत विंचू आहे का ते पाहायला. होता.

तीर्थस्वरूप दादास,
हरेश्वरचा सा. न. वि. वि.

आम्ही काल सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी येथे पोहोचलो. तू तीन म्हणाला होतास. रेवसला लाँच लागली तेव्हा ओहोटी होती. उतारूंना होडीत घातले, आणि होडीही काठाला लागेना तेव्हा आईला एका खलाशाने पाठुंगळी घेऊन चिखलातून वर आणले. आई तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. जणू चिखल मी केला.

घर 'राहण्यासारखे' आहे असे तू सांगितलेस. तू स्वतः येथे कधी राहिलास ते कळव. माजघरात कौले सरकली आहेत आणि जमीन सारवून किती वर्षे झाली ते सांगता येत नाही. पहाटे साडेचारला विहिरीवरचा रहाट सुरू होतो. त्याची करकर इतकी मोठी की नीरा घाबरून रडत उठली. पाच वर्षांच्या मुलीला मी काय सांगू, रहाट म्हणजे काय? मला तरी कुठे ठाऊक होते? एक लाकडी चाक, त्यावर दोरात ओवलेली मडकी, आणि एक रेडा डोळ्यांना झापडे बांधून गोल फिरतो. झाले. सौ. तुळशी म्हणते, गिरगावात पाणी नळाला येत असे आणि येताना ओरडत नसे. तिने आल्यापासून उंबरठ्याबाहेर पाऊल ठेवलेले नाही. तिला सापांची भीती वाटते. तिचे डोके दुखते आहे.

छापखाना दिवाळीनंतर बंद पडला, दोन महिने मी तुझे खातो आहे आणि खोली तुझ्या नावावर आहे, म्हणून तू जा म्हणालास आणि मी सगळ्यांना घेऊन आलो. तुझ्या सूचना पाठ आहेत. आपल्या नारळ-पोफळीच्या वाडीत रोज जे काम होईल ते वहीत लिहायचे. तलाठी येईल तेव्हा हातात कुदळ घेऊन उभे राहायचे. दर शनिवारी वाडीतल्या भागोजीला पाच रुपये द्यायचे आणि वहीत त्याचा अंगठा घ्यायचा.

कशाचे पाच रुपये? तू म्हणालास 'हातखर्चाचे'. दादा, माझे शिक्षण मराठी सहावीपर्यंतच झाले आहे, पण सात वर्षे मी छापखान्यात खिळे जुळवले. पैसे कशाचे ते लिहिल्याशिवाय माझ्याने आकडा टाकवत नाही.

भागोजीला आम्ही येणार हे कुणी कळवले नव्हते. पन्नाशीचा आहे, काटक. आम्हाला पाहून तो म्हणाला, "मुंबयचं पाव्हनं हितं ऱ्हानार? चार म्हयनं? काय गुन्हा केलाव?" त्याची बायको राही पदर तोंडाला लावून हसली.

मला हसू आले नाही. चार महिने येथे नुसते राहून काय साधायचे, ते उलट टपाली कळव.

तुझा आज्ञाधारक,
हरेश्वर


नागाव, रविवार, दि. २७ जानेवारी १९५७
दुपारी बारा वाजून वीस मिनिटे. नीराच्या तळपायातला काटा सुईने काढत होतो. हा सातवा.

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझी मनिऑर्डर आठ दिवस उशिरा आली आणि पत्र आलेच नाही. कूपनावर तू लिहिलेस, 'वही चालू ठेव.' मी विचारले काय, तुझे उत्तर काय!

वही चालू आहे. पहिल्याच शनिवारी भागोजीसमोर पाच रुपये ठेवले तर तो मागे सरकला. "फुकाटचा पैका कशापायी? मी काय आजारी हाय?" मी म्हटले, दादांनी द्यायला सांगितले आहेत. तो घेईना. मलाही कारण सांगता येईना. शेवटी असे ठरले की आम्ही त्याच्याकडून जे घेतो त्याचा तो भाव लावणार. दूध रोज एक शेर, आठ आणे. नारळ आठवड्याला सहा, तीन आण्यांना एक. केळ्यांची एक फणी, सहा आणे. बरोबर पाच रुपये होतात, मी तीनदा बेरीज केली. तसे मी लिहितो आणि खाली त्याचा अंगठा घेतो. अंगठा देताना त्याला फार मजा वाटते. राहीला म्हणतो, "आलं बघ, शनवारचं सरकार आलं!"

तलाठी परवा येऊन गेले. मी कुदळ घेऊन उभा राहिलो. चार तास उभा होतो, कारण ते केव्हा येणार ते माहीत नव्हते. त्यांनी विचारले, "आपण कोण?" भागोजी म्हणाला, "मालकाचं धाकलं बंधू." तलाठ्यांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि कागदावर काहीतरी लिहिले. ते गेल्यावर भागोजीने कुदळ माझ्या हातातून घेऊन उलटी करून परत दिली. मी ती उलट्या बाजूने धरली होती. हे तू मला सांगायला हवे होतेस की कुदळीला बाजू असते.

आईबद्दल लिहायचे नव्हते, पण तू विचारशील. बरी आहे. रोज सकाळी समुद्रावर जाते. पहिल्यांदा राहीने ओढून नेले, आता आईच राहीला हाका मारते. मला वाटले होते ती गिरगाव सोडून कधी कुठे राहिलीच नाही. तर ती म्हणाली, "अरे, लग्नानंतर दोन उन्हाळे मी इथेच होते. सोळा वर्षांची होते." हे तिने आपल्याला कधी सांगितले नाही. कुणी विचारलेही नाही. काल मी तिला बोलवायला गेलो तर गुडघाभर पाण्यात उभी राहून मोठमोठ्याने हसत होती. लाट आली की राहीचा दंड धरायची आणि "आली, आली!" म्हणून ओरडायची. पंचावन्न वर्षांची बाई. मी तिला इतक्या मोठ्याने हसताना कधी ऐकले नव्हते. मी न बोलावताच परत आलो.

पण त्यामुळे मूळ प्रश्न सुटत नाही. आम्हाला येथे का ठेवले आहेस?

हरेश्वर


नागाव, रविवार, दि. २४ फेब्रुवारी १९५७
सकाळी सहा वाजता. रहाट हाकत होतो. आता भागोजीने हल्याला सोडले आहे म्हणून लिहायला बसलो.

ती. दादास,

तुला वाचून समाधान वाटेल की तुझा भाऊ आता रहाट हाकतो. रेड्याला येथे हल्या म्हणतात. त्याच्या मागून चालायचे, पळवायचे नाही. पळवले तर मडकी अर्धी रिकामी येतात. भागोजी मला म्हणतो, "हळू. त्याला काय हापिसात जायचं हाय?" पाणी डोणीत पडते, डोणीतून पाटात येते, आणि मग कुदळीने एकेका आळ्याची तोंडे उघडत न्यायचे. एका माडाचे भरले की बंद करायचे, पुढचे उघडायचे. नीरा पाण्याच्या पुढे पळते आणि कोरड्या पाटात पाय रोवून उभी राहते, पाणी बोटांना लागेपर्यंत. मग किंचाळते. रोज किंचाळते. तिला रोज ते नवीनच वाटते.

मलाही वाटते. हे मी तुला का लिहितो आहे ते मला ठाऊक नाही. चोवीस वर्षे मी सकाळी उठून समोरच्या चाळीचे कठडे पाहिले. येथे पाटातले पाणी पोफळींच्या बुंध्यांपर्यंत जाते, माती ते पिते, आणि त्याचा एक वास येतो. तो वास आल्याशिवाय आता मला चहा गोड लागत नाही. सौ. तुळशी अनवाणी चालते. सागरगोटे खेळावे तशी राहीबरोबर सुपाऱ्या सोलते. डोकेदुखीची बाटली तिने बारा जानेवारीपासून उघडलेली नाही, मी तारीख लिहून ठेवली आहे. परवा रहाट दुरुस्तीला बंद होता तर आम्ही सगळे साडेचारला दचकून जागे झालो, करकर नाही म्हणून.

आता मुद्द्याचे.

भागोजीने मला सबंध वाडी दाखवली. प्रत्येक झाडाचा इतिहास त्याला पाठ आहे. "ह्यो पोफळींचा वाफा बापानं लावला. धर्माजीनं. ह्यो माड बायजा जल्मली त्या सालचा." बायजा म्हणजे त्याची मुलगी, चौलला दिली आहे. यांच्यात मूल झाले की एक माड लावतात. माड धरला की मूल धरले असे समजतात. राहीने विचारले, नीराचा माड कुठे आहे? तुळशी म्हणाली, आमच्या खोलीत कुंडीही नाही. तर राहीने दुसऱ्याच दिवशी खड्डा खणला. रोप लावण्याआधी खड्ड्यात मीठ घालतात. नीराने दोन्ही ओंजळींनी घातले आणि उरलेले खाल्ले. राही तिला म्हणाली, "आता तुझ्या हातचं पानी पायजे गो याला. मी घातलं तर रुसंल."

मग मी भागोजीला सहज विचारले, वाडीचे उत्पन्न काही येते का? कारण तू आईला नेहमी सांगतोस की वाडीतून दमडी येत नाही, उलट सारा खिशातून भरावा लागतो. भागोजी म्हणाला, "तीनशे रुपय. दर सालाला. खंडाचे, वाडी कसतो त्याचे. दादांच्या पेढीवर नेऊन देतो की मी. तुमचे वडील गेल्यापासून नऊ सालं झाली."

दादा, मी सात वर्षे महिना पंचावन्न रुपयांतले पस्तीस तुझ्या हातावर ठेवत आलो. आईची दोनच धड लुगडी आहेत. तीनशे रुपये. नऊ वर्षे. तू त्याला पावती कधी दिलीस का, असेही मी विचारले. तो म्हणाला, "घरच्या मान्साकडं पावती काय मागायची?"

उत्तर दे. कूपनावर नको, पत्रात दे.

हरेश्वर


नागाव, बुधवार, दि. ३ एप्रिल १९५७
दुपारी तीन वाजता. काही करीत नव्हतो. दीड तास झाला, तसाच पायरीवर बसलो आहे.

दादास,

आज सकाळी शिपाई भागोजीला एक कागद देऊन गेला. भागोजीला वाचता येत नाही. तो कागद घेऊन तो कुणाकडे आला असेल? येथे अक्षरओळख असलेला, घराच्या पायरीवर बसलेला, विश्वासाचा माणूस कोण?

"बघा वो, काय म्हनतंय सरकार. मतदानाचं असंल."

मी मोठ्याने वाचायला लागलो. मी जुळारी आहे. मजकूर पुढे आला की मी अर्थाकडे पाहत नाही, अक्षरे पाहतो. त्यामुळे तिसऱ्या ओळीपर्यंत मी अगदी स्पष्ट, खणखणीत वाचत गेलो. 'भागोजी धर्माजी हा इसम सदर वाडीचा कूळ नसून अर्जदाराचा आठवड्याच्या मजुरीवरील गडी आहे. अर्जदाराचा धाकटा भाऊ हरेश्वर महादेव हा सहकुटुंब जागेवर राहून वाडी जातीने कसतो. मजुरी पोचल्याबद्दल सदर इसमाच्या अंगठ्यांची वही पुराव्यादाखल हजर करण्यात येईल.'

मी थांबलो. राही सुपात तांदूळ पाखडत होती, तीही थांबली.

"पुढं?" भागोजी म्हणाला.

पुढे तारीख होती. सात मे, अलिबाग, मामलेदार कचेरी.

"हरेश्वर म्हंजी तुमीच ना?"

मी हो म्हटले.

"आनि अंगठं म्हंजी ते शनवारचं?"

मी हो म्हटले. दादा, माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने एखादी ओळ गाळली असती. मला ते सुचलेसुद्धा नाही.

आता मला सगळे समजले. एक एप्रिलपासून कसेल त्याची जमीन असा कायदा झाला आहे, हे येथे पोरासोरांना ठाऊक आहे. फक्त मला ठाऊक नव्हते, कारण छापखान्यात मी लग्नपत्रिका जुळवत होतो. कूळ ठरला तर भागोजी वाडीचा मालक होणार आणि तुला हप्त्याने किंमत मिळणार. गडी ठरला तर त्याला घालवून वाडी तुझी. म्हणून आम्ही! म्हणून कुदळ, म्हणून तलाठी, म्हणून 'हातखर्च'! तुला कसायला माणूस नको होता, दाखवायला माणूस हवा होता. आई समुद्रात उभी राहून हसली तीसुद्धा तुझ्या पुराव्यात जमा. नीराचा माडसुद्धा. तू आम्हाला चार महिने आनंदात ठेवलेस ते एका माणसाला त्याच्या बापाने लावलेल्या झाडांखालून उठवण्यासाठी. मला राग कशाचा येतो माहीत आहे? आम्ही आनंदात होतो याचा.

राही एवढेच बोलली. "पोरगीच्या माडाला पानी घालून घ्या. ऊन चढलं." आणि घरात गेली.

तेरा अंगठे आहेत वहीत. तेराही मी घेतले. शाई मी लावली, बोट मी धरले.

एप्रिलची मनिऑर्डर आली तर परत करीन.

हरेश्वर


नागाव, गुरुवार, दि. १८ एप्रिल १९५७
सकाळी आठ वाजता. चुलीतली राख उपसत होतो. त्या राखेत काय होते ते पुढे लिहिले आहे.

दत्तात्रेय यास,

तुझे सहा पानी पत्र मिळाले. तीन महिन्यांत तुला एक ओळ लिहायला सवड नव्हती, आता सहा पाने. सोबत कोरी वहीसुद्धा.

तू लिहितोस की जुन्या वहीत मी 'मूर्खासारखे दुधाचे आणि नारळाचे हिशेब' लिहिले आहेत असे माझ्या पत्रावरून वकिलांना कळले, म्हणून सगळी वही नव्याने, त्याच तारखांनी उतरून काढायची आणि दूध-नारळाच्या जागी 'मजुरी' लिहायचे. अंगठे पुन्हा घ्यायचे, 'त्याला काय कळते'. तसे केले तर वाडी विकून मला दोन हजार. नाही केले तर आमचे सामान खोलीबाहेर. 'तुझ्या सुंदर अक्षराचा आजवर घराला काय उपयोग झाला, तो आता होऊ दे,' असे तू लिहितोस.

खोटे बोलणार नाही. मी बसलो उतरायला.

घाबरलो होतो. नोकरी नाही, मुलगी पाच वर्षांची, आईला दम लागतो. दोन हजार रुपये मी एकत्र कधी पाहिलेले नाहीत. अकरा पाने लिहिली. अक्षर चांगले आले. 'मजुरी' हा शब्द मी अकरा पानांत एकोणीस वेळा लिहिला, एकही खाडाखोड नाही. तुळशीने चहा आणून ठेवला, पान पाहिले आणि चहा परत घेऊन गेली.

शनिवारी नवी वही घेऊन मी भागोजीकडे गेलो. तो पाटाची बांधबंदिस्ती करत होता. मी म्हटले, भागोजी, अंगठे पुन्हा हवे आहेत, या वहीत. त्याने चिखलाचे हात धुतले. पंच्याला पुसले. आणि उजवा अंगठा पुढे केला.

मी विचारले, "काय लिहिले आहे ते विचारणार नाहीस?"

तो म्हणाला, "त्या दिशी तुमी कागूद होता तसा वाचलाव. दुसऱ्यानं कायतरी गोड वाचलं आसतं. तुमच्याकडं बघून देतोय. आना."

राही मागून म्हणाली, "आवो, लिवलंय काय ते तरी इचारा!"

"तू गप. ते लिवनारं हायत, खोटं न्हाय लिवनार."

त्याचा अंगठा माझ्यासमोर, शाईची डबी माझ्या हातात. दत्तात्रेय, तू त्या जागी असतास तर दोन मिनिटांचे काम होते. मला ते जमले नाही. डबीचे झाकण लावले आणि म्हटले, "नको. चुकून दुसरी वही आणली." घरी येऊन ती अकरा पाने मी टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने पाहिले तर नव्हती. तुळशीने चुलीत घातली होती. त्यांच्यावर नीराची पेज शिजली.

खोलीबद्दल तुला जे करायचे ते कर. आईची पितळी डबी, माझी ट्रंक आणि वडिलांची तसबीर तेवढी कुणाबरोबर तरी पाठव. आईला मी तुझे पत्र वाचून दाखवले. तिने सबंध ऐकले. मग म्हणाली, "त्याला लिही, मला लुगडी नकोत." एवढेच.

हरेश्वर


नागाव, गुरुवार, दि. ९ मे १९५७
पहाटे पाच वाजता. रहाट हाकून झाला. आज भागोजीला उठू दिले नाही.

दत्तात्रेय महादेव यांस,

परवा तुम्ही आला नाहीत. पेढीतून सुटी मिळाली नाही असे तुमच्या वकिलांनी सांगितले. काय झाले ते त्यांनी कळवले असेलच, पण कसे कळवले असेल याचा भरवसा नाही, म्हणून झाले तसे लिहितो.

अलिबागेला आम्ही पाचही जण एकाच एस.टी.ने गेलो. मी, आई, तुळशी, भागोजी, राही. नीराला शेजारी ठेवले. वाटेत राहीने सगळ्यांना चिंचा वाटल्या. कज्ज्याचे दोन्ही पक्ष एका बाकावर बसून चिंचा खातात हे पाहून कंडक्टरने विचारले, "लग्नाला निघालाव काय?" आई म्हणाली, "हो. मुलीकडचे आहोत."

कचेरीच्या व्हरांड्यात वकिलांनी माझ्याकडे हात केला, "वही." मी म्हटले, वही मी मामलेदार साहेबांनाच देईन. माझे अठरा एप्रिलचे पत्र तुम्ही त्यांना दाखवलेले दिसत नाही, कारण त्यांना वाटले नवी वही आहे. ते खूश झाले.

पुकारा झाला. वकील उभे राहून म्हणाले, दर शनिवारी पाच रुपये मजुरी, तेरा अंगठे, अर्जदाराचा भाऊ समक्ष हजर. मी वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. जुनी. साहेबांनी चष्मा लावला, दोनचार पाने उलटली.

"अक्षर कुणाचं?"

"माझं, साहेब."

"छान आहे." मग ते मोठ्याने वाचू लागले. "'शनिवार, बारा जानेवारी. दूध सात शेर, साडेतीन रुपये. नारळ सहा, एक रुपया दोन आणे. केळी एक फणी, सहा आणे. एकूण पाच रुपये भागोजीस पोचले. रहाट भागोजीने हाकला. आळी राहीने केली. मी पाहत होतो.'" त्यांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, ही मजुरी?"

वकील म्हणाले, "साहेब, खेड्यात मजुरी वस्तूंत देण्याची चाल आहे."

"अहो, पण वस्तू त्यानं दिल्यात. पैसे यांनी." मग ते माझ्याकडे वळले. "वाडी कुणाची म्हणता?"

"कागदोपत्री आमची."

"आणि नारळ?"

"भागोजीचे."

"म्हणजे आपल्याच वाडीतले नारळ तुम्ही आपल्याच गड्याकडून विकत घेता?"

मागे लोक हसले. कारकूनही हसला. माझे कान तापले. बाजारात घ्यावे तसे आम्ही भाव विचारून घेत आलो, त्यात हसण्यासारखे काय आहे हे मला त्या क्षणापर्यंत कळले नव्हते. मी म्हटले, "साहेब, गड्याकडून कुणी विकत घेत नाही. तो गडी नाही. तो आणि त्याचा बाप वाडी कसत आले. तीनशे रुपये खंड तो दर वर्षी माझ्या भावाच्या पेढीवर भरतो. मला कुदळ धरता येत नव्हती. ती त्याने मला धरायला शिकवली."

"हे तुम्ही अर्जदाराच्या बाजूनं बोलताय ना?" साहेबांनी विचारले.

मी काही बोलण्याआधी आई मागून म्हणाली, "अर्जदाराची आई आहे मी. तो बरोबर बोलतोय."

अर्ज फेटाळला. भागोजी कूळ ठरला. किमतीचे हप्ते पुढे ठरतील, त्यांतला तुमचा भाग तुम्हाला मिळेल. बाहेर आल्यावर भागोजीने डोक्याचा पटका सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाला, "म्हंजी आता घर कुनाचं नि वाडी कुनाची?" मी म्हटले, घर आमच्याकडे राहील, वाडी तुझी. तो विचार करून म्हणाला, "मंग भाडं द्यावं लागंल. रहाटाचं. सकाळी तुमीच हाकायचा." राहीने त्याला कोपर मारले.

तुमच्या खोलीची किल्ली याच टपालाने पाठवत आहे. कुलूप बदललेत असे ऐकले, तरी पाठवतो, कारण ती माझी नाही. अलिबागेत एका छापखान्यात सोमवारपासून जातो आहे. महिना पन्नास. जाऊन-येऊन सायकलने. तुळशीला विचारले, परत मुंबई हवी का? म्हणाली, "आधी रोप तर लागू दे."

माझा राग गेलेला नाही. जावा असे मला वाटतही नाही. तुम्ही जे चार महिने खोटेपणासाठी दिलेत ते आमच्याकडे खरे निघाले, यात तुमचे श्रेय शून्य आहे, हे नीट ध्यानात असू द्यावे.

हिशेब खालीलप्रमाणे. जुने आणे धरले आहेत.

तुमच्याकडून मिळाले, तीन मनिऑर्डरी, प्रत्येकी ६०: रु. १८०.
एप्रिलची परत केली.

खर्च:
लाँच व एस.टी., येताना: रु. ११ आ. ४.
भागोजीस, तेरा शनिवार: रु. ६५.
धान्य, तेल, घासलेट: रु. ८४ आ. ८.
टपाल, वही, शाई: रु. २ आ. २.
नीराच्या तापाचे औषध: रु. ४.
एकूण: रु. १६६ आ. १४.

शिल्लक रु. १३ आ. २. दोन आण्यांचे साडेबारा नये पैसे होतात. अर्धा माझ्या अंगावर घेऊन रु. १३.१३ आजच्या मनिऑर्डरीने पाठवले. कमिशन मी भरले.

तुमच्याकडून येणे: नऊ वर्षांचा खंड रु. २७००, त्यातले आईचे व माझे मिळून दोन वाटे, रु. १८००.

भागोजीस देणे: एप्रिल-मेचे पाच शनिवार, दूध, नारळ, केळी, रु. २५. पहिल्या पगारातून देईन. त्याने हो म्हटले आहे.
माडाचे रोप एक, नीराच्या नावचे. किंमत तीनदा विचारली. राही सांगत नाही. रकाना कोरा ठेवला आहे.

हरेश्वर